शेजाऱ्यांच्या गराजमधली पाच खोकी

पत्र: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. शेजारचे आजोबा, वय पंचाहत्तरच्या आसपास, घर विकून फ्लोरिडाला निघालेत. त्यांच्या गराज सेलमध्ये माझ्या बारा वर्षांच्या मुलानं चाळीस डॉलरला बेसबॉल कार्डांची पाच लांब खोकी घेतली. "आमच्या मुलाची होती," असं आजोबा म्हणाले. वरवर बघता १९८७ ते १९९१ ची दिसतात. व्हिडिओ बघून मुलगा म्हणतो, सगळी ग्रेडिंगला पाठवू. ह्यांचं म्हणणं, रद्दी आहे, देऊन टाक. आम्ही दोघंही क्रिकेटवाले, बेसबॉलचं काही कळत नाही. यात किमती काय आहे ते कसं ओळखायचं? आता दर शनिवारी गराज सेल पालथे घालायचे म्हणतोय. जाऊ द्यावं का? आणि फसगत कशी टाळायची?
एक आई, एडिसन

उत्तर:

तुमचे यजमान बरेचसे बरोबर आहेत, पण पुरते नाहीत. एका ओळीच्या लांब पांढऱ्या खोक्यात साधारण ८०० कार्डं मावतात, म्हणजे तुमच्याकडे चारेक हजार असतील. एक कार्ड ग्रेड करून घ्यायला, म्हणजे कंपनीकडून अस्सलपणा तपासून, १ ते १० मधली श्रेणी लावून प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करून घ्यायला, टपाल धरून ढोबळमानानं २५ ते ४० डॉलर पडतात. सगळी पाठवायची तर लाखभर डॉलर लागतील आणि परत येणाऱ्या मालाचे त्याच्या जवळपासही येणार नाहीत. या छंदात पैसा वाचतो आणि मिळतोही तो एकाच गोष्टीनं: नको असलेलं भराभर बाजूला काढता येणं. मुलाला आधी तेच शिकू द्या.

१९८७ ते १९९१ ही नेमकी सगळ्यात वाईट वर्षं. जुनी कार्डं महाग झाली कारण पन्नास-साठच्या दशकांत पोरांनी ती सायकलच्या चाकात अडकवली, भिंतीवर उडवली आणि घर बदलताना आयांनी फेकून दिली. ऐंशीच्या दशकात त्या किमतींच्या बातम्या झाल्या आणि मोठी माणसं नवी कार्डं पेट्या-पेट्यांनी साठवू लागली. कंपन्यांनीही हात आखडला नाही. १९८१ पर्यंत मैदान जवळजवळ एकट्या टॉप्स कंपनीचं होतं. त्या वर्षी फ्लीअर आणि डॉनरस उतरल्या, १९८८ ला स्कोअर, १९८९ ला अपर डेक. सगळ्यांनी बेसुमार छापलं आणि कुणी काही फेकलं नाही. अमेरिकेत या काळाला 'जंक वॅक्स' म्हणतात. वॅक्स म्हणजे ही कार्डं ज्या पाकिटातून विकली जात त्याचा मेणकागद. १९८७ च्या टॉप्समधलं बॅरी बॉन्ड्सचं ३२० नंबरचं कार्ड एवढ्या मोठ्या खेळाडूचं असूनही हातात चांगलं दिसणारं दोन-चार डॉलरला मिळतं, यावरून काय ते समजा.

तेव्हा पहिली चाळणी नावाची नाही, वर्षाची. कार्डाच्या पाठीमागे खेळाडूची आकडेवारी असते. तिची शेवटची ओळ ज्या हंगामाची, त्याच्या पुढच्या वर्षी ते कार्ड निघालं. शेवटची ओळ १९८६ ची असेल तर कार्ड १९८७ चं. एक-दोन तासांत मुलाला मागची बाजू बघावीही लागणार नाही, चौकटीवरूनच कळेल: टॉप्स १९८७ लाकडी नक्षीची, १९९० रंगीबेरंगी, डॉनरस १९९० लाल, १९९१ आधी निळी आणि नंतर हिरवी, फ्लीअर १९९१ पिवळीधमक. एक फसवी जागा लक्षात ठेवा. लाकडी चौकट टॉप्सनं १९६२ मध्येही वापरली होती. त्या कार्डात फोटोचा खालचा उजवा कोपरा वर मुडपल्यासारखा छापलेला आहे. १९८७ च्या गठ्ठ्यात १९६२ चं एखादं मिसळलेलं असू शकतं, आणि घाईत बघणारा तेच सोडून देतो.

आता या पाच खोक्यांत डोळ्यांत तेल घालून काय शोधायचं ते सांगतो. अपर डेक १९८९ चं पहिल्या नंबरचं कार्ड केन ग्रिफी ज्युनियरचं. या सगळ्या काळातलं हे सर्वांत प्रसिद्ध. ते मिळालं तर आनंद करा, पण पीएसए या ग्रेडिंग कंपनीनं १० ही सर्वोच्च श्रेणी दिलेली त्याची चार हजारांवर कार्डं आहेत, म्हणजे ते दुर्मीळ अजिबात नाही, त्याला फक्त मागणी आहे. टॉप्स १९९० चं ४१४ नंबरचं फ्रँक थॉमसचं कार्ड समोरून बघा. नावाची पट्टी रिकामी असेल तर हात थांबवा. छपाईत काळी शाई काही भागात उतरली नाही म्हणून ते तसं निघालं आणि फारच थोडी तशी बाहेर आली. नाव खरवडून काढणारेही आहेत. अस्सल कार्डात नावाबरोबर आसपासच्या काही बारीक काळ्या रेघाही गायब असतात आणि कागदाची चकाकी मोडलेली नसते. टॉप्स १९९१ च्या कार्डांवर कोपऱ्यात सोनेरी ढालीचा ठसा दिसला तर ती आखाती युद्धाच्या वेळी सैनिकांना पाठवलेली 'डेझर्ट शील्ड' कार्डं. त्यांना खरंच मोल आहे, विशेषतः ३३३ नंबरच्या चिपर जोन्सला. पण साध्या कार्डावर खोटा ठसा मारणं सोपं असल्यानं नकली भरपूर आहेत. ग्रेड झाल्याशिवाय ते अस्सल धरू नका. फ्लीअर १९८९ चं ६१६ नंबर, बिल रिपकेन, मुलाच्या आधी तुम्ही बघा. त्याच्या बॅटच्या मुठीच्या टोकावर एक शिवी लिहिलेली आहे आणि ती तशीच छापली गेली. ते थोडक्या डॉलरांचंच. कंपनीनं नंतर शिवी वेगवेगळ्या प्रकारे झाकली, त्यातलं पांढऱ्या रंगानं झाकलेलं मात्र दुर्मीळ.

याशिवाय 'टिफनी'. टॉप्सनं १९८४ ते १९९१ दरम्यान आपल्या संचांची चकचकीत, पांढऱ्या जाड कागदावरची मर्यादित आवृत्ती काढली होती. दिसायला हुबेहूब साध्यासारखीच, पण पाठ उजळ पांढरी. साध्या टॉप्सची पाठ करडी-तपकिरी. १९८७ च्या गठ्ठ्याची पाठ वर करून भराभर चाळलं की एखादी उजळ पाठ लगेच डोळ्यात भरते. टिफनीतला बॉन्ड्स दोन-चार डॉलरचा नाही.

पाकिटं न फोडलेली निघाली तर? १९८७ च्या टॉप्स पाकिटात १७ कार्डं आणि च्युइंगमची एक पट्टी. फोडायची असतील तर मजेसाठी फोडा. गम कुणी तोंडात घालणार नाही याची काळजी घ्या. बारा वर्षांच्या मुलाबद्दल आम्ही खात्री देत नाही.

दुसरी चाळणी स्थितीची, आणि इथे नवख्यांची सगळ्यात जास्त निराशा होते. मुलाला नवंकोरं दिसणारं कार्ड ग्रेडिंगवाल्याच्या नजरेत ७ असू शकतं. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, टेबललॅम्प एका बाजूनं लावा आणि कार्ड त्याखाली तिरकं फिरवा. चारही कोपरे भिंगाखाली बघा. टोकाशी कापसासारखं पांढरं दिसलं तर १० विसरा. मग कडा. मग पृष्ठभाग: तिरप्या उजेडात बारीक ओरखडे, मेणाचा डाग, पाठीवर गमचा डाग आणि दुमड दिसते. समोरून न दिसणारी बारीकशी दुमडही श्रेणी पाच-सहाच्या खाली ओढू शकते. शेवटी चौकट मोजा. डावी पांढरी कड ३ मिलिमीटर आणि उजवी २ असेल तर ते ६०-४०. समोर एवढं वाकडं असेल तर पीएसएचं १० येणार नाही, तिथे साधारण ५५-४५ पर्यंतच चालतं. १९८७ च्या टॉप्समध्ये छपाई सरकलेली कार्डं ढिगानं आहेत, म्हणून पट्टी हाताशी असू द्या. डाग पुसणं, कोपरे दाबणं, शाई लावणं, कडा कापणं यातलं काही करू नका. ते ओळखलं जातं, कार्ड 'फेरफार केलेलं' म्हणून परत येतं आणि पैसे जातात ते जातातच.

चांगलं कार्ड सापडलं की भाव बघायचा, आणि तिथे एकच नियम: मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. १९८७ चं एखादं कार्ड ईबेवर कुणी दहा हजारांना लावलेलं मुलाला दिसेल. लावायला पैसे पडत नाहीत. ईबेच्या गाळण्यांत (फिल्टरमध्ये) 'सोल्ड आयटम्स', म्हणजे विकला गेलेला माल, निवडा, वर्ष, कंपनी, नाव, नंबर टाका आणि ग्रेड न केलेल्यांचे भाव हवे असतील तर उणे चिन्ह लावून पीएसए हा शब्द वगळा. शेवटच्या पाच-सहा विक्री घ्या, सगळ्यात वरची आणि खालची सोडा. घासाघीस होऊन विकलेल्या कार्डाची खरी रक्कम ईबे दाखवत नाही. ती '१३० पॉइंट' नावाच्या संकेतस्थळावर दिसते.

ग्रेडिंगचा हिशेब यावरूनच निघतो. कार्ड १० मिळवेल असं धरून हिशेब करू नका, ८ मिळेल असं धरून करा. ८ श्रेणीच्या विक्रीच्या भावातून ग्रेड न केलेल्या कार्डाचा भाव आणि ग्रेडिंगचा खर्च वजा करा. काही उरत असेल तरच पाठवा. तुमच्या चार हजारांतून पाठवण्याजोगी पाच निघाली तर खोकी चांगली होती म्हणायची. पीएसए, एसजीसी आणि बेकेट या तीन कंपन्या जुन्याजाणत्या. विकताना पीएसएच्या कार्डाला सहसा जास्त भाव येतो. पाठवताना कार्ड पेनी स्लीव्ह नावाच्या मऊ प्लॅस्टिक पिशवीत, ते कार्ड सेव्हर नावाच्या अर्धकडक पाकिटात, आणि ती पाकिटं दोन पुठ्ठ्यांच्या मधे. टॉपलोडर नावाच्या कडक प्लॅस्टिक पाकिटात पाठवू नका. त्यातून काढतानाच कोपरे जातात.

आता पत्रातली आमच्या मते सगळ्यात मोलाची ओळ. आजोबा म्हणाले, 'मुलाची होती.' त्यांची स्वतःची कुठे आहेत? कार्डं गोळा करण्याचं वय आठ ते बारा. माणसाच्या जन्मवर्षात हे आकडे मिळवले की त्याच्या घरी कोणत्या वर्षांची कार्डं असू शकतात ते कळतं. पंचाहत्तरीचे आजोबा १९५० च्या सुमारास जन्मलेले, म्हणजे १९५८ ते १९६२. त्या काळातली टॉप्स म्हणजे १९५९ चा बॉब गिब्सन ५१४ नंबर, १९६० चा कार्ल यास्ट्रझेम्स्की १४८, १९६२ चा लू ब्रॉक ३८७, आणि दर वर्षीचा यांकीजचा दिग्गज मिकी मँटल. शिवाय टॉप्स १९७३ पर्यंत एका वर्षाचा संच टप्प्याटप्प्यानं बाजारात आणायची; शेवटचा टप्पा येईपर्यंत हंगाम सरत आलेला असे, दुकानदार कमी मागवत आणि माल कमी छापला जाई. म्हणून १९६२ मध्ये ५२३ ते ५९८ हे नंबर साध्या खेळाडूंचेही महाग. १९५२ च्या संचातही ३११ पासून पुढचे तसेच, आणि मँटल नेमका ३११ वा. त्याचं एसजीसी ९.५ श्रेणीचं कार्ड २०२२ च्या ऑगस्टमध्ये १.२६ कोटी डॉलरला गेलं. ते तुमच्या गल्लीत मिळणार नाही, पण बुटांच्या खोक्यात किंवा सिगारच्या डबीत १९६१ ची पन्नास कार्डं मिळणं न्यू जर्सीत अगदी शक्य आहे. उद्याच जा, मुलाला घेऊन जा, आणि विचारा: "आजोबा, तुमच्या लहानपणची आहेत का?"

असली तर सरळ सांगा की यांना मोल असू शकतं, आणि तशी कार्डं प्रत्यक्ष विकली गेली ते भाव त्यांच्यासमोर फोनवर काढा. पाच डॉलरला हजाराचा माल उचलण्यात काहींना पराक्रम वाटतो. शेजाऱ्यांच्या बाबतीत आम्हाला तो हलकटपणा वाटतो. दुकानदार त्या भावाच्या साधारण ५० ते ७० टक्के देतात. तुम्ही तेवढे देऊ केलेत तर कुणाचंच वाईट होत नाही.

शनिवारच्या भटकंतीला हो म्हणा, बजेट बांधून. महिन्याला वीस-पंचवीस डॉलर पुरेसे, उरलेले पुढच्या महिन्यात. गराज सेलला सकाळी लवकर, आणि मांडलेल्या कार्डांपेक्षा प्रश्नाला महत्त्व: "सत्तरच्या आधीची काही आहेत?" एखाद्याचं अख्खं घर रिकामं करणारे एस्टेट सेल जास्त फळतात. तिथे पहिल्या दिवशी पूर्ण किंमत आणि शेवटच्या दिवशी बहुधा अर्धी असते, तेव्हा भारी कार्डासाठी पहिला दिवस आणि ढिगासाठी शेवटचा. कार्डांच्या दुकानांत आणि प्रदर्शनांत डॉलरला एक अशा पेट्या असतात. तिथे जुन्यापेक्षा नवं बघा. आजच्या मोठ्या खेळाडूंपैकी माइक ट्राउट न्यू जर्सीतल्या मिलव्हिलचा. त्याचं पहिलं मोठं कार्ड २०११ च्या टॉप्स अपडेट संचात आहे, नंबर यूएस१७५, आणि तो संच नावाकडे न बघता साध्या कार्डांच्या ढिगात टाकलेला अजूनही आढळतो. डेरेक जीटरही जन्मानं न्यू जर्सीचाच, पेक्वानॉकचा. त्याचं १९९३ च्या एसपी संचातलं २७९ नंबर हवं असलं तर कडांची चमकी उडालेली नाही ना ते भिंगानं बघा, कारण ती जवळजवळ प्रत्येकाचीच उडालेली असते. अलीकडच्या टॉप्स कार्डांवर पाठीमागे कॉपीराइटच्या ओळीशी बारीक अक्षरात एक कोड असतो. एका संचातल्या साध्या कार्डांच्या कोडचे शेवटचे आकडे सारखे असतात. वेगळे आकडे आले तर ते कमी छापलेलं, निराळ्या फोटोचं कार्ड. हे काम मोठ्यांपेक्षा बारा वर्षांचे डोळे चांगलं करतात.

सुपरमार्केटमधल्या 'जुनी पाकिटं, एक भारी कार्ड हमखास' अशा डब्यांवर एक डॉलरही घालवू नका. त्यातलं भारी काढून झालेलं असतं.

फसगतीबद्दल. जुनं कार्ड घेण्याआधी त्याच वर्षाचं एखाद-दोन डॉलरचं साधं कार्ड विकत घ्या आणि सोबत ठेवा. ती तुमची कसोटी. दोन्ही एकमेकांवर ठेवून आकार ताडा: १९५७ पासून टॉप्सचा आकार अडीच बाय साडेतीन इंच, त्याआधी १९५२ ते ५६ मध्ये थोडा मोठा. स्पष्ट लहान असेल तर कडा कापल्यात किंवा ते पुनर्मुद्रण आहे. १९५२ चा संच टॉप्सनंच १९८३ मध्ये पुन्हा छापला होता, तोही अडीच बाय साडेतीनमध्ये, त्यामुळे मँटलची किती तरी 'घबाडं' पट्टी लावताच संपतात. दोन्ही कार्डांमागे टॉर्च धरा. उजेड सारखाच आरपार यायला हवा. भिंगातून काळी अक्षरं बघा. अस्सलमध्ये ती सलग काळी असतात, फोटोवरून उतरवलेल्या नकलेत रंगीत ठिपक्यांची बनलेली. महायुद्धाआधीच्या कार्डासाठी अतिनील टॉर्च हवा, कारण तेव्हाच्या कागदात चकाकी आणणारी रसायनं नव्हती. कागद निळसर चमकला तर परत द्या. १९६३ च्या टॉप्समधलं पीट रोझचं ५३७ नंबर नकलांसाठी बदनाम आहे, ते ग्रेड न केलेलं घेऊच नका. आणि ग्रेड केलेलं घ्यायचं तर पेटीवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बघा, तिथला फोटो असेल तर हातातल्या कार्डाच्या कोपऱ्यांशी आणि छपाईच्या ठिपक्यांशी जुळवा. पेट्याही खोट्या निघतात आणि खरे क्रमांक त्यांवर चिकटवलेले असतात.

घरी ठेवताना तळघर नको, पोटमाळाही नको. न्यू जर्सीच्या तळघरातल्या दमटपणानं १९९१ च्या स्टेडियम क्लबसारखी चकचकीत कार्डं एकमेकांना चिकटून वीट होते, आणि ओढून सोडवली तर रंग निघून येतो. राहत्या खोलीतलं कपाट उत्तम. रबरबँड काढून टाका, कडांना खाच पाडतात. वास मारणारे जुने मऊ प्लॅस्टिकचे अल्बम टाकून द्या. पीव्हीसी नसलेली नऊ कप्प्यांची पानं घ्या. चार स्क्रूंच्या जाड पेट्या दिसायला भारदस्त, पण घट्ट आवळल्या की कार्ड चपटं होतं आणि ग्रेडिंगवाले ते ओळखतात.

चाळून उरलेली साडेतीन-चार हजार एकेक करून विकायला बसू नका. संघवार लावा. यांकीज आणि मेट्सचे गठ्ठे तुमच्या भागात स्थानिक जाहिरातीवरून दहा-पंधरा डॉलरला उचलले जातात, बाकीची तुमच्या भागात लिटल लीग, म्हणजे लहान मुलांचं बेसबॉल, खेळणाऱ्या पोरांत वाटा. वीस डॉलरपर्यंतचं सुटं कार्ड ईबेवर विकलंत तर त्यांचं 'स्टँडर्ड एन्व्हलप' वापरा, पार्सलपेक्षा बरंच स्वस्त पडतं आणि ते कुठवर पोचलं हेही कळतं. कार्ड टॉपलोडरमध्ये घालून त्याच्या तोंडाला रंगकामाची निळी टेप लावा. साधी चिकटपट्टी लावली तर घेणारा ती काढताना कार्डाला ओरखडा पाडेल आणि पैसे परत मागेल.